झोप उडते, दारू उतरत नाही

वाचकांचे प्रश्न : मद्य आणि कॅफीन

थर्टी फर्स्ट जवळ आला की पन्हाळ्याकडची आणि राधानगरी रोडची फार्महाउस भरू लागतात, आणि दारूत एनर्जी ड्रिंक, कोला, कॉफी मिसळण्याबद्दलची पत्रंही वाढतात. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

उत्तरांत काही मापं वारंवार येतील, ती आधी सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकात साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. त्या हिशेबानं 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये 10 ग्रॅम, 60 मिलीच्या लार्जमध्ये 20 ग्रॅम आणि 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे 41 ग्रॅम, अर्थात चार स्मॉल पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट बघावा. कॅफीनचं म्हणाल तर भारतीय नियमांनुसार एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 145 ते 300 मिलीग्रॅम कॅफीन असू शकतं. म्हणजे 250 मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त 75. तेवढ्याच कोलात 25 च्या आसपास. 150 मिली इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि चहात 30 ते 65.

व्होडकात एनर्जी ड्रिंक घातलं की आम्हाला चढतच नाही. रात्रभर फ्रेश राहतो, दुसऱ्या दिवशीही विशेष त्रास होत नाही. मग यात वाईट काय आहे? – कॉलेज विद्यार्थी, राजारामपुरी

'चढत नाही' हे तुमचं म्हणणं नीट तपासून बघू. दिवसभर मेंदू काम करतो तसतसं त्यात अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. मेंदूतल्या ठरावीक जागांना ते चिकटलं की आपल्याला सुस्ती येते, झोप येते. दारू ही सुस्ती आणखी वाढवते. कॅफीन नेमकं त्याच जागांवर जाऊन बसतं आणि अडेनोसिनला चिकटू देत नाही, म्हणून झोप उडते. पण दारू मेंदूवर काम करते ती आणखी कितीतरी मार्गांनी. तोल जाणं, प्रतिक्रियेला वेळ लागणं, धोका न ओळखणं, जीभ जड होणं, यांतलं बरंचसं त्या दुसऱ्या मार्गांनी होतं आणि त्यांना कॅफीन हातही लावत नाही. रक्तातल्या दारूचं प्रमाण तर ते एका थेंबानंही कमी करत नाही.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2006 साली 26 निरोगी तरुणांवर हे तपासलं. एकदा नुसती व्होडका, एकदा व्होडका आणि एनर्जी ड्रिंक. मिसळून घेतली तेव्हा डोकेदुखी, अशक्तपणा, हातपाय लटपटणं हे सगळं कमी वाटतंय असं मुलांनी सांगितलं. प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या तेव्हा हालचालींवरचा ताबा आणि डोळ्यांनी दिसल्यावर प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ जेवढ्यास तेवढा बिघडलेलाच होता. श्वासातलं दारूचं प्रमाणही तेवढंच होतं. तुम्हाला रात्रभर जे फ्रेश वाटतं, ते हेच.

यातून तीन गोष्टी बिघडतात. पहिली, तुम्ही जास्त पिता. तीन पेगनंतर पेंग येणं ही शरीराची थांबायची खूण असते. ती खूणच गेली की पाचवा आणि सहावा पेगही जातो. दुसरी, आपण बरे आहोत असं वाटत असल्यानं माणूस किल्ली उचलतो, भांडणात पडतो, रंकाळ्यावर किंवा धरणाच्या पाण्यात उतरतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या 10 विद्यापीठांतल्या चार हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. त्यात एनर्जी ड्रिंकबरोबर दारू घेणाऱ्यांमध्ये जखमी होणं, प्यालेल्या माणसाच्या गाडीत बसणं, लैंगिक जबरदस्तीला बळी पडणं किंवा ती करणं, हे सगळं नुसती दारू घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट आढळलं. दारूचं प्रमाण हिशेबात धरल्यावरही फरक उरला. मुळात धोका पत्करणारी मुलंच असं मिश्रण जास्त घेतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. पण म्हणून सावध राहायची गरज कमी होत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची आहे. कॅफीनचा जोर पोटात गेल्यापासून अर्ध्या-एक तासात सर्वांत जास्त असतो आणि पुढे ओसरू लागतो. दारू मात्र तोवर साठत गेलेली असते. त्यामुळे रात्री एक-दीड वाजेपर्यंत नाचणारा मुलगा तासाभरात एकदम कोसळल्यासारखा होतो. 'आत्ता तर चांगला होता' असं मित्र म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

म्हणून आपल्याला किती चढली हे 'कसं वाटतंय' यावरून ठरवू नका. पेग मोजा.

मी एनर्जी ड्रिंक घेत नाही. रम आणि कोला घेतो, आठवड्यातून दोनदा. वय 48, बीपीची गोळी चालू आहे. कोलातसुद्धा कॅफीन असतं म्हणे. बंद करावं का? – शाहूपुरी

कोलातलं कॅफीन थोडं असतं. चार ग्लास घेतले, प्रत्येकी 250 मिली धरून, तर जेमतेम 100 मिलीग्रॅम. एनर्जी ड्रिंकइतका धोका यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमच्या बाबतीत चिंता दुसऱ्या दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे साखर: कोलाच्या दर ग्लासात 26 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच चहाचे चमचे. चार ग्लासांत वीस चमचे. गोडव्यानं रमचा कडकपणा झाकला जातो आणि पेगचं माप हाताला कळत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या बीपीची. नेहमीची दारू बीपी वाढवते आणि गोळीचा परिणाम अपुरा पडायला लागतो. गोळी वाढवून घ्यायला जाण्याआधी महिनाभर दारू बंद ठेवून घरच्या यंत्रावर बीपी मोजा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. तुम्ही किती पिता, हेही त्यांना खरं सांगा.

साखर नको म्हणून डाएट कोलाकडे वळू नका. साखरेचं पेय पोटात जरा जास्त वेळ थांबतं. साखर नसेल तर मिश्रण पोटातून आतड्यात लवकर उतरतं आणि दारू रक्तात झपाट्यानं चढते. त्याच पेगनं जास्त नशा होते. सोड्याच्या बुडबुड्यांनीही बऱ्याच लोकांत दारू लवकर शोषली जाते. मिसळायला साधं पाणी बरं.

कागलहून बेळगावकडे माल घेऊन जाणारे आमचे ड्रायव्हर रात्री थोडी घेतात आणि पहाटे कडक काळी कॉफी, लिंबू-पाणी किंवा ताक पिऊन गाडी काढतात. यानं उतरते का? – ट्रान्सपोर्ट व्यावसायिक

नाही. कॉफी, लिंबू, ताक, थंड पाण्यानं आंघोळ, उलटी काढणं, भरपूर जेवण, यांपैकी कशानंही रक्तात गेलेली दारू लवकर जात नाही. ती यकृत जाळतं, आणि यकृताची चाल ठरलेली असते: ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम. ती वाढवणारं औषध बाजारात नाही. जेवणाचा उपयोग पिण्याआधी होतो, कारण भरल्या पोटी दारू हळू चढते. प्यायल्यावर तांबडा रस्सा ओरपला तर मीठ-मसाल्यानं तोंडाला चव येते, एवढंच.

तुमच्या ड्रायव्हरांसाठी हिशेब मांडतो. 65 किलोचा पुरुष धरू. रात्री 9 ते 11 मध्ये एक क्वार्टर घेतली. झोपायला गेला तेव्हा 100 मिली रक्तात 100 मिलीग्रॅमच्या वर दारू असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 30 आहे. दर तासाला साधारण 15 नं उतरते असं धरलं तर पहाटे चारला ती 30 च्या आसपास येते आणि संपूर्ण जायला सहा वाजतात. दोन क्वार्टर घेतल्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंतही रक्तात दारू सापडेल. आणि हा सरासरीचा हिशेब आहे. वजन कमी असलं, बाई असली, यकृत कमजोर असलं तर वेळ आणखी लागतो. रिकाम्या पोटी घेतलेला एकच लार्ज पेगसुद्धा अशा माणसाला काही वेळ 30 च्या वर नेऊ शकतो.

पहाटेच्या कॉफीनं काय होतं? ड्रायव्हरचे डोळे उघडतात आणि मालकाला वाटतं की गडी शुद्धीवर आहे. पण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ तोच राहतो, आणि राष्ट्रीय महामार्ग 48 वर ताशी 80 च्या वेगानं गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा 15,000 रुपये किंवा 2 वर्षं किंवा दोन्ही. तोंडानं फुंकून दारू तपासायचं यंत्र आता स्वस्त मिळतं. गाडीची किल्ली देण्याआधी ते वापरा आणि शून्य आल्याशिवाय किल्ली देऊ नका. ज्या रात्रीनंतर पहाटे गाडी काढायची, त्या रात्री दारू नको, असा नियम लिहून लावा. दमलेल्या पण न प्यालेल्या ड्रायव्हरला मात्र एक कप कॉफी आणि वीस मिनिटांची डुलकी खरोखर उपयोगी पडते. कॉफीचा तिथं उपयोग आहे, तो करून घ्या.

मी तालमीत जातो, जिममध्येही. संध्याकाळी प्री-वर्कआउट पावडर घेतो. शनिवारी जिमनंतर मित्रांबरोबर बसतो तेव्हा छाती धडधडते. काही गंभीर आहे का? – शिवाजी पेठ

पावडरच्या डब्यावर एका स्कूपला किती कॅफीन ते वाचा. 150 ते 300 मिलीग्रॅम असणं नेहमीचं आहे, म्हणजे दोन ते चार एनर्जी ड्रिंकचे डबे एका ग्लासात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 300 मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको असं म्हटलं आहे. तुमचा तो कोटा संध्याकाळी सहालाच संपतो आणि दिवसभरातला चहा वेगळा.

कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. सहाला 300 घेतलं तर रात्री अकराला 150 शिल्लक असतं, आणि तेव्हा तुम्ही तिसरा पेग भरता. जास्त दारू स्वतःही हृदयाची लय बिघडवते. सुट्टीत खूप प्यायल्यावर निरोगी माणसांच्या हृदयाची लय बिघडलेली डॉक्टरांना दिसू लागली तेव्हा, 1978 मध्ये, त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नाव मिळालं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. व्यायामात घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ, त्यावर दारूनं वाढलेली लघवी, त्यावर कॅफीन. धडधड होण्याला पुरेशी कारणं एका संध्याकाळीच जमा झाली.

पावडर शनिवारी पूर्ण बंद ठेवा. खरं तर कायमची बंद केली तरी कुस्तीत काही अडणार नाही. कोल्हापुरातल्या तालमींनी पैलवान घडवले ते दूध, थंडाई, बदाम आणि झोपेवर. पावडर आणि दारू दोन्ही बंद ठेवूनही धडधड झाली, नाडी अनियमित लागली, चक्कर आली किंवा घरात कुणाला कमी वयात अचानक हृदयविकार झालेला असेल, तर ईसीजी आणि इको करून घ्या. छातीत दुखून घाम फुटला, श्वास लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

मुलगा सतरा वर्षांचा. क्लासहून येताना टपरीवरून वीस रुपयांचं एनर्जी ड्रिंक आणतो, अभ्यासाला जाग येते म्हणून. मित्रांच्या पार्टीत त्यात काही मिसळतात असं कानावर आलंय. त्याच्याशी कसं बोलू? – एक आई, गडहिंग्लज

ताई, आधी त्या बाटलीवरचा मजकूर त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी घेऊ नये आणि दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त नको, हे त्यावर छापलेलं असतं. तुम्ही न ओरडता तो कागदच बोलू दे. महाराष्ट्रात शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी घालण्याची घोषणा जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत झाली होती, हेही सांगा. आणि राज्यात बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 आहे, हे त्याला नक्की ठाऊक असेल, तरी एकदा बोला.

अभ्यासाचं म्हणाल तर रात्री दहाला घेतलेल्या बाटलीतलं निम्मं कॅफीन पहाटे तीनला अंगात असतं. झोप तुटते आणि दिवसा वाचलेलं झोपेत डोक्यात पक्कं व्हायचं, तेच राहून जातं. हे कारण मुलांना पटतं, कारण त्यात त्यांचाच तोटा आहे.

पार्टीविषयी एकच वाक्य पुरेसं: 'काहीही झालं, कितीही वाजले तरी फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री काहीही विचारणार नाही.' आणि त्या रात्री खरोखर काही विचारू नका. ओरडा बसेल या भीतीनं मुलं बेशुद्ध मित्राला खोलीत कोंडून ठेवतात. जीव जातात ते तिथं.

एमआयडीसीत रात्रपाळी करतो. रात्रभर चहा आणि सकाळी घरी आल्यावर झोप लागावी म्हणून एक क्वार्टर. दोन वर्षं चाललंय. आता क्वार्टरनंही झोप नीट येत नाही. – गोकुळ शिरगाव

दारूनं डोळा लवकर मिटतो, पण झोपेचा दुसरा अर्धा भाग ती तोडते. पहाटेचा चहा तोपर्यंत अंगात असतोच. मग दुपारी जाग येते, डोकं जड असतं, रात्री पुन्हा चहा वाढतो आणि सकाळी पुन्हा क्वार्टर. हे चक्र आधी चहाच्या बाजूनं तोडा. पाळी सकाळी सातला सुटत असेल तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. त्यानंतर भूक लागली तर भडंग किंवा केळ. घरी येताना उन्हात गॉगल घाला, खोलीत जाड पडदा लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

एक गोष्ट मात्र जपून. रोजची क्वार्टर दोन वर्षं असेल तर ती एकदम आणि एकट्यानं बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर सहा तास ते दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, उलट्या, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम होऊ शकतात. हे जिवावरचं असतं आणि औषधांनी टाळता येतं. आधी डॉक्टरांना किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा, मग त्यांच्या सांगण्यानं बंद करा. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

आधीच दारू आणि कॅफीन घातलेले डबे अमेरिकेत बंद झाले म्हणतात. खरं आहे का?

हो. नोव्हेंबर 2010 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं चार कंपन्यांना पत्रं पाठवून कळवलं की माल्टच्या मद्यात वरून घातलेलं कॅफीन सुरक्षित मानता येत नाही. त्याच्या महिनाभर आधी वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी अशा पेयानंतर रुग्णालयात दाखल झाले होते. तो डबा जवळपास 700 मिलीचा आणि 12 टक्के अल्कोहोलचा होता, म्हणजे एका डब्यात साडेसहा स्मॉल पेग. पत्रानंतर कॅफीन काढलं गेलं. ग्लासात स्वतः मिसळून घेण्यावर ती बंदी नव्हती आणि तसं घेतल्यानंही मेंदूत तेच होतं. कॅनडात एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर 'मद्यात मिसळू नका' असं छापावंच लागतं.

मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड घेते. लग्नात कुणी आग्रहानं पाजलं तर? – कसबा बावडा

आग्रह मोडा. यकृत दारू जाळण्यात गुंतलं की रक्तात नवी साखर सोडायचं काम मंदावतं. तुमची गोळी साखर खाली आणतेच. दोन्ही मिळून पहाटे साखर धोकादायक उतरू शकते, आणि ती उतरल्याच्या खुणा, म्हणजे थरथर, घाम, बडबड, बघणाऱ्याला दारूच्याच वाटतात. त्यात एनर्जी ड्रिंक असलं तर धडधड कॅफीनची समजून सोडून देतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू.

दम्याच्या गोळ्या चालू आहेत. कॉफी चालेल का?

गोळीत थिओफायलिन असेल तर ते कॅफीनचंच भावंड आहे. दोन्हींची धडधड, मळमळ, झोप उडणं एकावर एक चढतं. एनर्जी ड्रिंक नको, कॉफी एखादाच कप. सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असतानाही कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही तसंच होतं, आणि गरोदरपणात तर खूपच. गरोदरपणी दारू थेंबभरही नको.

मित्र पार्टीत बेशुद्ध पडला. कुणी कॉफी पाजायला लागलं, कुणी तोंडात बोटं घालून उलटी काढत होतं. नक्की काय करावं? – वारणानगर

दोन्ही चुकीचं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. उलटी काढतानाही तेच होतं. थंड पाणी ओतल्यानं अंगाचं तापमान घसरतं, जे दारूनं आधीच घसरलेलं असतं. आणि 'झोपू दे, उतरेल' हे सर्वांत घातक, कारण पोटात राहिलेली दारू शेवटच्या पेगनंतरही अर्धा तास ते तासभर रक्तात चढतच असते.

खांदा हलवून, नावानं हाका मारून बघा. जोरात चिमटा काढूनही डोळे उघडत नसतील तर 108 ला फोन करा. एकजण घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजत बसेल: मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि ओलसर असेल, झोपेतच उलटी झाली किंवा फिट आली, तर वेळ घालवण्यात अर्थ नाही. फार्महाउस गावाबाहेर असेल तर रस्त्यापर्यंत माणूस पाठवा आणि फोनवरून लोकेशन द्या, पन्हाळ्याच्या वळणांत रुग्णवाहिका चुकते.

तोवर त्याला कुशीवर करा. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसा. तुमच्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर काढा. पलीकडच्या हाताचा पंजा तुमच्या बाजूच्या त्याच्या गालाखाली धरून ठेवा. पलीकडचा गुडघा दुमडून उभा करा आणि तो धरून त्याला तुमच्याकडे कुशीवर वळवा. मान जरा मागे, तोंड खालच्या दिशेला, म्हणजे उलटी बाहेर पडेल. उताणा कधीही सोडू नका आणि एकटा तर नाहीच. श्वासच थांबला तर उताणा करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

दवाखान्यात खरं सांगा: काय, किती, किती वाजेपर्यंत, एनर्जी ड्रिंकचे डबे किती, गोळ्या किंवा पावडर काही घेतली का. कॅफीन सांगायचं लोक हमखास विसरतात आणि मग नाडी एवढी वेगानं का चालली हे डॉक्टरांना कळत नाही. रिकामे डबे पिशवीत घालून न्या. पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे.

थर्टी फर्स्टला वीसजणांची पार्टी माझ्या शेतावर आहे. दारू असणारच. यजमान म्हणून काय करावं? – हातकणंगले

एनर्जी ड्रिंकची क्रेट मागवूच नका. कोला हवा असेल तर थोडा. पाण्याचे जार दारूच्या टेबलावरच, हाताला लागतील असे. 30 मिलीचं मापाचं भांडं ठेवा आणि पेग एकाच न पिणाऱ्या माणसाच्या हातून भरा, कारण डोळ्यांच्या अंदाजानं ओतलेला 'स्मॉल' बहुतेक वेळा 45-50 मिलीचा निघतो. मटण-भाकरी आधी वाढा, दारू नंतर. आपल्याकडे बारा वाजता जेवायला बसायची पद्धत आहे आणि तोवर सगळी दारू रिकाम्या पोटी गेलेली असते. बाटल्या साडेअकराला आत ठेवा. गाड्यांच्या किल्ल्या आल्या आल्या एका डब्यात घ्या आणि दहा-बारा गाद्या, चादरी भाड्यानं आणून ठेवा, म्हणजे 'राहायची सोय नाही' हे कारण उरणार नाही. झोपलेल्यांकडे दर अर्ध्या तासानं एक फेरी मारायला दोघं न प्यालेले लागतील. त्यांची नावं आजच ठरवा.